चुलीची राख आणि चिमणीची राख



पंचनाम्याला आलेले साहेब आमच्या बांधीवर उभे राहून म्हणाले, “राख पडली तर ओरडता कशाला? तुम्हीच वांग्यावर राख टाकता ना?”

टाकतो, साहेब. चुलीतली टाकतो. ती लाकडाची. झाडानं जमिनीतून घेतलेलं पोटॅश तिच्यासोबत जमिनीला परत मिळतं. वीजकेंद्राची राख दगडी कोळशाची. तिच्यात शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम असतं. या दोन्ही राखा एकच म्हणणारा आम्हाला अडाणी समजतो.

राख निदान दिसते. धुरातलं ॲसिड दिसत नाही. कोळशातलं गंधक जळून त्याचा वायू होतो, तो ढगातल्या पाण्यात मिसळतो आणि गंधकाचं ॲसिड होऊन पावसासोबत उतरतो. हे शाळेच्या पुस्तकातलं रसायनशास्त्र आहे, साहेबांनीही वाचलं असेल. चुनखडीच्या काळ्या जमिनीला हे ॲसिड बरंच पचतं. आमच्या बरडीत चुना कुठला? काळी कोणाकडे आणि बरडी कोणाकडे, हे सांगायला नको. अशा जमिनीतून कॅल्शियम, पोटॅश धुऊन जातं. आंबटपणा फार वाढला की मातीतलंच ॲल्युमिनियम सुटं होतं आणि मुळांची टोकं मारतं. मूळ आखूड, जाड राहतं, पाणी ओढत नाही. तुरीच्या, बरबटीच्या मुळांवर गाठी धरत नाहीत, आणि त्या गाठीच तर हवेतला नत्र पिकाला देतात. आंबट मातीत कॅडमियमही जास्त सुटतं, धानात आणि पालेभाजीत चढतं. पीक हिरवंगार दिसेल, पण दाण्यात जहर असू शकतं.

पंचनाम्यात लिहिलं काय? “पानांवर धूळ. पावसाने धुऊन जाईल.” धुऊन जाईल कुठे? आमच्याच बांधीत! धरणात जमीन गेली तर मोबदला तरी मागता येतो. इथे सातबारा आमच्या नावावर ठेवून जमिनीचा कस नेला. आणि ज्यांचं अतिक्रमण म्हणून लिहिलंय, पट्टाच नाही, त्यांचं पीक तर कागदावर उगवलंच नाही.

आमचं म्हणणं एवढंच: माती, पाणी, दाणा तिन्ही तपासा. निकाल गावसभेत मराठीत वाचा. पट्टा नसलेल्याच्याही पिकाचा पंचनामा करा.

तोवर प्रत्येक घरानं आपल्या शेतातली माती काढून ठेवावी. पाच-सात जागची, वीतभर खोलीपर्यंतची, लाकडी काठीनं उकरून. लोखंड लावू नका. सगळी एकत्र कालवून सावलीत वाळवा, पिशवीवर नाव आणि शेताची खूण लिहा. साहेब मागायला आले तर अर्धीच द्यायची.