बेंगेरीच्या तिरंग्याला मागणी हवी

हुबळी-धारवाडची प्रगती सध्या मोठमोठ्या आकड्यांत सांगितली जाते. हुबळी स्थानकातला 1,507 मीटर लांबीचा जगातला सर्वांत लांब फलाट 12 मार्च 2023 रोजी राष्ट्राला अर्पण झाला. बांधून तयार असलेल्या इन्फोसिसच्या संकुलात 2022 मध्ये एकदाचे काम सुरू झाले. धारवाडजवळ टाटांच्या बसगाड्या तयार होतात. या सगळ्याचा आनंद हुबळीच्या देशपांडे नगरातल्या व्यापाऱ्यापासून नोकरदारापर्यंत सर्वांनाच आहे आणि तो असायलाही हवा.

पण याच शहरातल्या बेंगेरी भागात एक जुना उद्योग अडचणीत आहे. त्याची चर्चा मात्र ऑगस्ट जवळ आला की तेवढ्यापुरती होते.

हा उद्योग चालवणारा कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ 1957 च्या नोव्हेंबरात स्थापन झाला. 2006 मध्ये त्याला भारतीय मानक ब्युरोचा परवाना मिळाला आणि प्रमाणित खादीचा राष्ट्रध्वज बनवणारे देशातले एकमेव केंद्र अशी बेंगेरीची ख्याती झाली. इथे काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. ध्वजाचे कापड बागलकोटजवळच्या तुळशीगेरीत विणले जाते. बेंगेरीत ते रंगवायचे, कापायचे, त्यावर अशोकचक्र छापायचे आणि मग शिवायचे. चक्राचे 24 आरे दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळावे लागतात. सुताची संख्या, कापडाचे वजन, रंगाची छटा, शिलाई, दोरी असे सगळे तपासले जाते. निकषात न बसणारा ध्वज बाजूला काढतात.

एवढ्या कष्टाच्या मालाला बाजारात अचानक वेगळाच प्रतिस्पर्धी मिळाला. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि हातकताई-हातविणाईच्या कापडाबरोबर यंत्रावर तयार झालेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. पुढच्याच ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहीम आली. सुरतच्या कापड उद्योगाकडे मागणीचा लोंढा वळला. बेंगेरीच्या संघाने 2022 मध्येच या दुरुस्तीला विरोध केला आणि ती मागे घेण्याची मागणी केली.

स्वस्त ध्वजामुळे गरिबाच्या घरावरही तिरंगा फडकला, ही गोष्ट चांगलीच झाली. कोट्यवधी घरांना पुरेल इतके कापड हातमागावर थोड्या दिवसांत निघू शकत नाही, हेही खरे. तरीही सरकारी कचेऱ्या, शाळा, न्यायालये आणि बँका यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची गरज दरवर्षीची, आधीपासून ठाऊक असलेली आणि आवाक्यातली आहे. तिथेही स्वस्ताईच पाहिली गेली, तर खादीला गिऱ्हाईक उरणार कोण?

या धंद्याचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. विक्रीचा हंगाम 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या आसपासचा. सूतकताई आणि विणाई मात्र वर्षभर चालू ठेवावी लागते. कापूस, मजुरी, रंग यांचा पैसा आधी गुंततो आणि माल खपल्यावरच मोकळा होतो. एक हंगाम मंदीत गेला की पुढच्या वर्षीच्या कामावर गदा येते. शिवणाऱ्या बाईचे काम कमी झाले, तर तिच्या मागे विणकराचे आणि त्याच्याही मागे सूत कातणाऱ्या बाईचे कमी होते. खेड्यात घराजवळ मिळणारी ही मजुरी एकदा बुडाली, तर तिची जागा शहरातला कारखाना सहजी भरून काढू शकत नाही. कारखान्याला लागणारे शिक्षण आणि वय या स्त्रियांपैकी अनेकींपाशी नसते.

म्हणून नव्या गुंतवणुकीचे स्वागत करताना राज्य सरकारने, महापालिकेने आणि इथल्या शिक्षणसंस्थांनी आपले ध्वज बेंगेरीकडूनच घेण्याचा निर्णय घ्यावा. मागणीही ऑगस्टच्या तोंडावर न करता, काही महिने आधी आणि आगाऊ रकमेसह नोंदवावी. देशपांडे नगरातल्या गृहनिर्माण संस्था, मंडळे आणि दुकानदारांनाही हे सहज जमण्यासारखे आहे. येत्या स्वातंत्र्यदिनासाठी ध्वज घ्यायचा असेल, तर आधी बेंगेरीत चौकशी करा.