भाकरीवर चालणारे वाहन

मोसम नदीकाठचे नामपूर हे बागलाण तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. कांदा आणि डाळिंबाच्या उलाढालीमुळे अंबासन, जायखेडा, ताहाराबाद या बाजूची वर्दळ येथे सतत असते. एका पिढीपूर्वी अशा गावांतील शिक्षक, पोस्टमन, बँकेतील कारकून सायकलवर कामाला जात. तालुक्याचा प्रचारक आणि सायकल हे तर समीकरणच होते. आज अर्ध्या मैलावरच्या दुकानात जायलाही मोटारसायकलला किक मारली जाते आणि घरात मोटार आली की सायकल माळ्यावर जाते. हा बदल आपण प्रगतीच्या खात्यात जमा करून टाकला. त्याची खर्चाची बाजू मात्र कोणी मांडलेली दिसत नाही.

ती मांडू या. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जाऊन-येऊन ८ किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे २,४०० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर धावणारी मोटारसायकल त्यासाठी ४८ लिटर पेट्रोल पिते आणि ११० किलो कार्बन सोडते. लिटरला १५ किलोमीटर देणारी मोटार १६० लिटर जाळून जवळपास ३७० किलो सोडते, तेही बहुधा एकाच माणसाला वाहून नेण्यासाठी. त्याच मोटारीत चौघे बसले तर माणशी हिशेब एकट्याने हाकलेल्या मोटारसायकलपेक्षाही कमी भरतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. विजेची दुचाकी बरी; पण आपली बहुतांश वीज अजूनही कोळशावर होते, त्यामुळे तिच्याही वाट्याला किलोमीटरमागे २०-२५ ग्रॅम येतातच.

सायकलही फुकट नाही, असा युक्तिवाद हल्ली ऐकू येतो. तो खोडून काढण्याजोगा नाही, पण तपासून घेण्याजोगा आहे. सायकल घडविताना पोलाद आणि रबर लागते; त्याचा भार साधारण १०० किलो कार्बनचा असतो आणि तो एकदाच पडतो. मोटारीचा हाच भार कित्येक टनांत जातो. राहिला चालविणाऱ्याचा आहार. ८ किलोमीटरला जी शक्ती लागते, ती एखाद-दीड भाकरीत भागते. युरोप-अमेरिकेत या हिशेबात गोमांस धरले की आकडा फुगतो. बागलाणात पावसाच्या पाण्यावर पिकणारी बाजरी धरली तर तो नगण्य ठरतो. आपल्या पूर्वजांनी कोणते धान्य पिकवले आणि खाल्ले, याचा पर्यावरणाशी असलेला संबंध असा अनपेक्षित ठिकाणी भेटतो.

दुसरा प्रश्न स्वदेशीचा आहे. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण आयात करतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५मध्ये गाठला, हे स्वागतार्हच. तथापि न जाळलेल्या पेट्रोलला इथेनॉलही लागत नाही आणि परकीय चलनही. संघाच्या शताब्दीनिमित्त पुढे आलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आणि स्वदेशी हे दोन्ही विषय आहेत. भाषणे पुष्कळ झाली. बौद्धिकाला मोटारीतून येणाऱ्या कार्यकर्त्यांनी मैदानाबाहेरच्या वाहनतळाकडे एकदा पाहावे.

अडचण पैशाची नाही, प्रतिष्ठेची आहे. २०११च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योग सोडून अन्य कामांवर जाणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांपैकी साडेचार कोटी पायी आणि २ कोटी ६० लाख सायकलने जात होते. मोटारीने जाणारे ६० लाखांहूनही कमी. म्हणजे देशाची हवा स्वच्छ ठेवण्याचा भार गवंडी, हमाल, शिपाई असे लोक, नाइलाजाने का होईना, वाहत आले आणि आपण त्यांच्या वाहनाला गरिबीची खूण ठरवले. गंमत अशी, की नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५मध्ये अमेरिका ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हा जिल्ह्याने टाळ्या वाजवल्या. पण तीच सायकल घेऊन शाळेत जाणाऱ्या गुरुजींकडे पालक वेगळ्या नजरेने पाहतात.

सर्वांनी सर्वत्र सायकलनेच जावे, असे आमचे म्हणणे नाही. कांद्याची ट्रॉली सायकलला जुंपता येत नाही, रुग्णाला मालेगावी न्यायचे तर मोटारच हवी. चैत्र-वैशाखाच्या उन्हात वयस्कर माणसाला आग्रह करणे तर निर्दयपणाचे. शिवाय मागे परावर्तक नसलेल्या ट्रॉल्या अंधारात धावत असतील, रस्त्याच्या साइडपट्ट्या खचलेल्या असतील, तर आईने मुलीला सायकलवर पाठवायचे कोणत्या भरवशावर? राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून विद्यार्थिनींना सायकली मिळतात. रस्ता मात्र मिळत नाही. ग्रामपंचायतीने साइडपट्ट्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाचा पाठपुरावा करावा, बाजार समितीने परावर्तकाविना आलेली ट्रॉली आवारात घेऊ नये, शाळांनी आणि बँकांनी पत्र्याची शेड असलेला सायकलतळ बांधावा. स्वयंसेवकांनी यासाठी कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच्या आत ज्यांचे काम आहे, त्यांनी माळ्यावरची सायकल उतरवून तिच्या ट्यूब बदलून घ्याव्यात. येत्या सोमवारपासून आठवड्यातले तीन दिवस ठरवले, तरी आरंभास पुरे.