भंडाऱ्याचे बीज भंडाऱ्याच्या रानात

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या रानात येनाच्या फांदीला देठाने लटकलेला कोसा पुढे मागावर जातो आणि करवत काठी साडी होतो. त्या साडीला भौगोलिक मानांकन आहे. ज्या अळीने तो धागा काढला, तिच्या स्थानिक वाणाला मात्र मानांकन नाही, संरक्षण नाही, शास्त्रीय नावसुद्धा नाही. रेशीमशास्त्राच्या कागदांत त्याला ‘भंडारा’ म्हणतात, एवढीच त्याची ओळख. हा वाण त्याच्या स्वतःच्या रानात टिकला पाहिजे. तो टिकवणे ज्यांच्या हातात आहे त्यांनी येत्या पावसाळ्यातच कामाला लागावे, एवढे मागण्यासाठी हे लिहितो आहे.

आधी घराणे सांगतो. कोसा म्हणजेच टसर. टसरचा पतंग सॅटर्नीडी कुळातला, तुतीवरचा रेशीमकिडा बॉम्बिसिडी कुळातला. आपण दोघांनाही एकाच नावाने हाक मारतो, पण दोघांच्या आयुष्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. तुतीचा किडा हजारो वर्षे माणसाच्या घरात वाढला आणि त्याच्या पतंगाला आता धड उडताही येत नाही. टसरचा पतंग रानाचाच राहिला. पंख पसरले की जवळजवळ वीतभर, आणि चारही पंखांवर अभ्रकाच्या तुकड्यासारखा एकेक पारदर्शक डोळा. नर विटकरी, मादी पिवळी किंवा राखाडी. दोघांचीही तोंडे निकामी असतात. पतंग झाल्यावर ते काहीही खात नाहीत, अळी असताना साठवलेल्या चरबीवर जेमतेम आठवडाभर जगतात. तेवढ्या दिवसांत नराने पिसांसारख्या मिशांनी अंधारात मादीचा गंध पकडून तिला गाठायचे, आणि मादीने दीड-दोनशे अंडी घालायची. त्या आठवड्यात एक रात्र वाया गेली तर ती भरून निघत नाही.

या कुळाची जगभरची यादी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत. आपल्याकडे अँथेरिआ या प्रजातीत टसर आणि आसामचा मुगा येतात, सामिया प्रजातीत एरी, ॲक्टियासमध्ये लांब शेपट्यांचा फिकट हिरवा चांद्र पतंग, आणि ॲटॅकसमध्ये ते प्रचंड ॲटलास पतंग. एकाच प्रजातीतले म्हणजे अगदी सख्खे, असेही समजू नका. टसरच्या पेशीत गुणसूत्रांच्या 31 जोड्या असतात, मुग्याच्या पेशीत फक्त 15.

टसरच्या नावावर विद्वानांचा जुना घोळ आहे. लिनिअसने 1758 मध्ये ‘पाफिया’ हे नाव दिले, ड्रूरीने 1773 मध्ये ‘मायलिट्टा’. आज अनेक वर्गीकरणतज्ज्ञ ही दोन्ही नावे एकाच जातीची मानतात आणि जुन्या नावाला मान देतात. रेशीम संशोधनाचे कागद मात्र अजून मायलिट्टाच लिहितात. यातले कोणते नाव जिंकते याची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती जातीच्या एक पायरी खाली काय चालले आहे याची.

भारतभर पसरलेल्या या एका जातीचे 44 स्थानिक वाण नोंदले गेले आहेत. झारखंडच्या सिंहभूमचा डाबा, बस्तरच्या सालवनातला रैली, ओडिशात सिमलीपालचा मोदल, सुकिंदा, लरिया, आंध्र लोकल, आणि आपला भंडारा. प्रत्येकाचे झाड, कोषाचा आकार आणि रंग, वर्षातून किती पिके द्यायची त्याचा हिशेब निराळा. रैलीला माणसाने राखलेल्या झाडांवर वाढवणे किती कठीण आहे, हे त्यावर काम केलेल्या कुणालाही विचारा. मोकळ्या सालवनात तो आनंदाने वाढतो. तिथल्या पावसाशी, रोगांशी, झाडाच्या पाल्याशी जुळवून घेत हे वाण घडत गेले. तरीही प्राणिशास्त्राच्या नामकरणाचे नियम उपजातीपर्यंत येऊन थांबतात. त्याखालच्या वाणांच्या नावांशी त्यांना कर्तव्य नाही. धोक्यातल्या जातींच्या याद्याही मुख्यतः जातीच्या पातळीवर होतात. म्हणजे उद्या भंडारा वाणाचा शेवटचा पतंग संपला, तरी ‘मायलिट्टा’ झारखंडात आहे, ओडिशात आहे, छत्तीसगडात आहे, सगळे ठीक आहे असेच कागद सांगणार. आपले नुकसान ज्या खणात होणार आहे, तो खण वर्गीकरणाच्या कपाटात नाहीच.

मोजले नाही की गेलेले कळत नाही, याचा एक दाखला अमेरिकेतला आहे. तिथे जंगलाचा पाला खाऊन टाकणाऱ्या एका परक्या पतंगाचा बंदोबस्त करण्यासाठी 1906 मध्ये युरोपातून एक परजीवी माशी आणून सोडली. तिने सॅटर्नीडी कुळातल्या स्थानिक अळ्याही फस्त करायला सुरुवात केली. मॅसॅच्युसेट्सच्या रानात मुद्दाम अळ्या ठेवून केलेला प्रयोग 2000 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तिथले मोठे पतंग कमी होण्यात या माशीचा केवढा हात आहे ते पुढे आले. मध्ये जवळजवळ शंभर वर्षे गेली होती. आपल्याला तेवढा वेळ आहे असे मला वाटत नाही.

विदर्भात हा कोसा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला तो मुख्यतः ढिवर समाजाने. एका हाताला तलावातली मासेमारी, दुसऱ्या हाताला कोसा. पाऊस पडला की बीजकोषातून पतंग बाहेर येतात, अंडीपुंज तयार होतात, आठ-दहा दिवसांत अळ्या फुटतात आणि त्यांना येन किंवा अर्जुनाच्या झाडावर सोडले जाते. चार वेळा कात टाकून कोष विणेपर्यंत महिना-सव्वा महिना लागतो. तेवढे दिवस माणूस झाडाखालून हलत नाही. पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्या, ढेकण्या, अळीच्या अंगावर अंडी घालणारी उझी माशी, सगळ्यांची नजर त्या गुबगुबीत हिरव्या अळीवर. त्यात पेब्रिन हा रोग मादीच्या पोटातून अंड्यात उतरतो. अंडी घातल्यावर मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगट अंडी जाळायची, ही पाश्चरने तुतीच्या किड्यासाठी घालून दिलेली रीत आजही चुकत नाही. घरातल्या बायकांनी मांडीवर सूत वळून कातडी सोलून घेतली ती वेगळीच. ज्यांनी एवढे केले त्यांच्याकडून हा वाण संपला, असे म्हणण्याची हिंमत कुणी करू नये.

वाण खंगतो तो तीन वाटांनी. पहिली वाट झाडाची. येन कापला, की अळीचे ताट आणि पतंगाचे घर एकदमच जाते. दुसरी आगीची. जानेवारीपासून जूनपर्यंत रानातला कोसा बंद असतो, आत कोशित झोपलेला. नेमके त्याच महिन्यांत मोहफूल वेचायला सोपे जावे म्हणून पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून पेटवतात, आणि आग झाडाखाली थांबत नाही. मोह वेचणाऱ्यांना दोष देऊन भागणार नाही, त्यांचे पोट त्यावर आहे. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली तर पाला जाळावा लागत नाही. वनखात्याने आगीनंतर दंड करण्याऐवजी आगीआधी जाळ्या वाटाव्यात.

तिसरी वाट सर्वांत सभ्य दिसते, म्हणून तीच जास्त घातक. डाबाचा कोष उत्पादनात सरस, त्याचे बीज सरकारी केंद्रांतून राज्याराज्यांत जाते. कोसा उत्पादकाला दोन पैसे जास्त मिळतात, त्याला मी नको कसा म्हणू? पण नर पतंग उडतो. झाडावर वाढवलेल्या डाबाचा नर रात्री रानातल्या मादीला भेटला तर तिच्या अंड्यांतून काय निपजेल, ते भंडारा राहणार नाही. कुणी काही तोडत नाही, जाळत नाही, तरीही वाण विरघळत जातो.

यावर ठरलेला आक्षेप येतो: कमी उत्पादनाचा वाण राखून करायचे काय? उत्तर शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. ज्याने घरचे गावरान बी मोडून दरवर्षी पाकीट विकत आणले, त्याला हे कळते. नवा रोग आला, पाऊस महिनाभर सरकला, तर तग धरण्याचे गुण रानातल्या बीजात शोधावे लागतात. सरस वाण सुधारण्यासाठीसुद्धा दुसऱ्या वाणाचे रक्त लागते. आणि थोडा अभिमानही असू द्या. हडप्पा आणि चन्हुदडो इथे सापडलेल्या रेशमाच्या धाग्यांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचे, अँथेरिआच्या रेशमाचे तंतू ओळखले गेले. आपल्या नेवाशात पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, तिच्या दोऱ्यात कापूस आणि रेशीम होते. रेशमाशी आपले नाते कालपरवाचे नाही.

मग करायचे काय? बस्तरमध्ये रैलीसाठी पावसाच्या तोंडावर रानातच शिबिरे लावतात. बीजकोष टांगतात, पतंग निघाले की त्यांचा संयोग होऊ देतात आणि माद्यांना सालवनात सोडतात. आपल्याकडे भंडारा वाणासाठी येनाचे निवडक रानपट्टे असेच राखावेत. त्या पट्ट्यात डाबाचे बीज येणार नाही, तिथले सगळे कोष वेचले जाणार नाहीत, आणि न वेचलेल्या कोषांचा मोबदला राखणदारांना रोख मिळेल. नागपूरच्या रेशीम संचालनालयाने आणि केंद्रीय रेशीम मंडळाने हे मिळून करावे. रांचीची टसर संशोधन संस्था 1964 पासून या किड्यावर काम करते, तिच्याकडून शास्त्र घ्यावे. राखण मात्र गावाचीच हवी, कारण रात्री रानात ढिवर असतो, शास्त्रज्ञ नसतो.

गावाला तसा हक्कही आहे. वनहक्क कायदा 2006 च्या व्याख्येत गौण वनोपज म्हणून बांबू, मध, तेंदूपानांच्या रांगेत टसर आणि कोष यांची नावे स्पष्ट लिहिली आहेत. गडचिरोलीत मेंढा-लेखापासून अनेक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. बांबूवर, तेंदूवर त्यांनी आपली व्यवस्था उभी केली. कोशावर का करू नये? जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. शास्त्राच्या कपाटात नसलेला खण इथे तयार करता येतो. गावात कोसा कोणत्या झाडावर येतो, कोष केवढा, रंग कोणता, पतंग कोणत्या नक्षत्रात निघतात, म्हातारी माणसे वेगवेगळ्या कोशांना काय म्हणतात, हे सगळे त्या वहीत उतरवा.

पुण्या-मुंबईच्या, कोकणच्या वाचकांनी हे विदर्भाचे प्रकरण म्हणून पान उलटू नये. त्याच कुळातला चांद्र पतंग तुमच्या कुंपणातल्या शेमटीवर वाढतो. ॲटलास दालचिनीवर, पेरूवर, लिंबावर वाढतो. पावसाळ्यात तो कुणाच्या तरी पडवीत येतो, ‘जगातला सर्वांत मोठा पतंग’ म्हणून बातमी छापली जाते, पोरे पंख धरून फोटो काढतात आणि पंखांची पूड बोटांना लागते. तो चावत नाही, त्याला तोंडच नाही. त्याला हात लावू नका, पडवीचा दिवा बंद करा. तो वाट शोधून जाईल. सह्याद्रीतला हा पतंग ‘टॅप्रोबॅनिस’, म्हणजे दक्षिण भारताचा आणि श्रीलंकेचा, हिमालयाकडचा ‘ॲटलास’ वेगळा. बातमीत दोघे एकच होतात. फोटो काढायचाच तर पंख वरून आणि बाजूने दिसतील असा काढा, तारीख, गाव आणि जवळचे झाड लिहा, आणि भारतातल्या पतंगांच्या संकेतस्थळांवर टाका. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात 2012 पासून जगभर पतंग सप्ताह होतो. आपल्या शाळेत, सोसायटीत त्या आठवड्यातली एक रात्र ठेवायला काय हरकत आहे? रात्रभर जळणारे बागेतले दिवे मात्र वर्षभर कमी करा.

कोसा विकत घेताना दुकानदाराला विचारा, हा धागा कुठल्या रानाचा. त्याला माहीत नसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो शोधेल.

आणि ज्यांच्या गावात येन उभा आहे, त्यांनी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडा. तेव्हा अळ्या झाडावर असतील. ठरावात तीनच वाक्ये लिहा: या गावच्या हद्दीतला अमुक रानपट्टा स्थानिक कोशाच्या बीजासाठी राखला आहे, तिथे बाहेरचे बीज सोडायचे नाही. त्या पट्ट्यात उन्हाळ्यात पाला पेटवायचा नाही. स्थानिक कोशाची नोंद जैवविविधता नोंदवहीत यंदाच घ्यायची, आणि ती सांगायला गावातल्या सर्वांत जुन्या कोसा उत्पादकाला मानाने बोलवायचे. ठरावाची एक प्रत रेशीम कार्यालयाला द्या, एक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला, आणि दोन्हीकडून पोच घ्यायला विसरू नका.