बाईंचं मानधन आणि बाईची मजुरी

शिक्षकदिन जवळ आला की गेल्या काही वर्षांत आमच्या वरळीत एक नवीन गडबड सुरू होते. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आया एकमेकींना विचारतात, ‘तू बाईंना काय देणार?’ मग कोणी फोन नंबर देतं, कोणी मोबाइलवर फोटो दाखवतं. फोटोत पारदर्शक झाकणाचा खोका आणि त्यात सजवलेल्या सहा कुकीज. एक पाटीच्या आकाराची, एक पेन्सिलीच्या, एक लाल सफरचंद, एक पुस्तक, एकीवर बाईंचं नाव आणि उरलेलीवर ‘थँक यू’. तुमच्या गावात हे अजून पोचलं नसेल तर पोचेल. तालुक्याच्या ठिकाणी जसे केकचे क्लास निघाले तशा या कुकीजही निघतील. काही ठिकाणी निघाल्याही असतील.

यात वाईट काय, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ‘काही नाही’ असंच आहे. आभार मानायचे आणि तोंड गोड करायचं ही आपलीच रीत. ५ सप्टेंबर हा शिक्षकदिन आपण १९६२ पासून, डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन राष्ट्रपती झाले त्या वर्षापासून, पाळतो. त्याच्या कितीतरी आधीपासून गुरुपौर्णिमेला नारळ नि फूल होतंच. सफरचंद तेवढं अमेरिकेतून आलं. तिकडे मे महिन्याच्या सुरुवातीला शिक्षकांच्या कौतुकाचा आठवडा असतो आणि शिक्षकाला सफरचंद देण्याची जुनी पद्धत आहे. आपल्या बाईंना जन्मात कुणी सफरचंद दिलेलं नसतं, तरी कुकीवर ते असतंच! असो. मला बोलायचंय ते या खोक्याच्या किमतीबद्दल, आणि तो ज्या हातांतून ज्या हातांत जातो त्या दोन बायकांबद्दल.

लालबाग-परळ-वरळीच्या बायकांना बिस्किटं करणं नवं नाही. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर मळायची, ट्रेमध्ये गोळे मांडायचे आणि ट्रे घेऊन जवळची बेकरी गाठायची. नानकटाई भट्टीवरच भाजली जायची. ट्रेला काहीतरी खूण करून ठेवावी लागे, नाहीतर आपली नानकटाई दुसरीच्या घरी! लाकडाची ती भट्टी आता मुंबईतून जायला निघालीय. हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. धूर आम्हीच गिळत होतो, त्यामुळे त्या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही. मला दिसतो तो वेगळाच फरक. भट्टीवाल्याला आपण भाजण्याचे पैसे मोजून देत होतो, आणि त्यात कुणाला गैर वाटत नव्हतं. ओव्हन घरात आला, भाजणारी घरची बाई झाली, आणि भाजण्याचे पैसे हिशेबातून गेले ते गेलेच.

आमच्या बचत गटातली एक तिशीतली मुलगी या कुकीज करते. तिचं नाव इथे नको. लग्न होऊन बीडीडी चाळीत आली. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी, १६० चौरस फुटांची खोली. त्यात पाच माणसं, आणि ओव्हन ठेवायचा कुठे हा प्रश्न. पुनर्विकासात तिचं बिऱ्हाड संक्रमण शिबिरात गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांत तीही होती. पण मी ज्या ऑर्डरची गोष्ट सांगतेय ती त्या वर्षीच्या शिक्षकदिनाची, घर लागायच्या आधीची. शिबिरातल्या घरात ओव्हन कपड्यांच्या पेटीवर होता.

काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. लोणी-साखर फेटून मैदा घालायचा आणि ते पीठ तासभर फ्रीजमध्ये. घाई केली तर साच्याने कापलेली पेन्सिल ओव्हनमध्ये पसरून तिचं दोडकं होतं. १७० ते १८० अंशांवर बारा-चौदा मिनिटं भाजायचं. पूर्ण थंड होईपर्यंत आयसिंगला हात लावायचा नाही. आयसिंग खरं तर पिठीसाखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचं, पण सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे गणपती-पितृपक्षाच्या आगेमागेचे दिवस. कितीजणींच्या घरी अंडं चालत नाही, म्हणून ती बिनअंड्याचंच करते. आधी जाड आयसिंगने कड काढायची, मग आत पातळ आयसिंग सोडायचं, टूथपिकने बुडबुडे फोडायचे. एक रंग सुकल्याशिवाय दुसरा लावला तर लाल पांढऱ्यात उतरतो. आणि वरळीची ती हवा! समुद्राचा दमट वारा, त्यात पाऊस. रात्रभर पंख्याखाली ताटं मांडून ठेवायची आणि मुलांना भिंतीकडे सरकून झोपा म्हणायचं.

मेंदीच्या कोनाने तिचा हात तयार झालेला, त्यामुळे नक्षी तिला जड गेली नाही. जड गेली ती अक्षरं. ‘धन्यवाद’ लिहायला गेलं की ‘न्य’ एकमेकांत मिसळून गोळा होतो. तिने मग ‘आभार’ धरलं. तीनच अक्षरं, जोडाक्षर नाही, वर एक सरळ शिरोरेघ. सफरचंदाऐवजी प्राजक्ताचं फूल आणि पाटीवर ‘अ’ काढ, असं मी सुचवलं. तिने काढलंही छान, पण ऑर्डर सफरचंदाचीच आली.

तर ती ऑर्डर होती तीस खोक्यांची. खोका दोनशे रुपयांना, म्हणजे सहा हजार रुपये. गटाच्या बैठकीत आम्ही कागद घेऊन बसलो. मैदा, लोणी, साखर, रंग, खोके, रिबिनी, वीज, तुटलेल्या कुकीज आणि पोचवायचा रिक्षा-टॅक्सीचा खर्च मिळून तीन हजार. उरले तीन हजार. ‘वा, निम्मा नफा!’ असं एकजण म्हणालीसुद्धा. मग मी तास विचारले. १८० कुकीज. एकेकीच्या सजावटीला दहा मिनिटं धरली तरी तीस तास. पीठ आणि भाजणं आठ, खोके भरणं पाच, बाजारहाट तीन. एकूण ४६ तास. म्हणजे तासाला ६५ रुपये. तेसुद्धा रात्रीचे, मुलं झोपल्यावरचे. हिशेब ऐकून ती हसली आणि म्हणाली, ‘ताई, मला आवड आहे म्हणून करते.’

हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय. शिवण करणारीकडून, पोळ्या लाटून देणारीकडून, रुखवत करून देणारीकडून. आवड असते हे खरंच. पण ऑर्डर देणारी बाई हेच वाक्य भाव पाडायला वापरते: ‘घरीच तर करतेस, आवडीने करतेस, मग एवढे कसे?’ दिवाळीच्या ऑर्डरला तर गंमतच झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किट-केकवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकं तिला म्हणू लागली, ‘कर कमी झालाय, तू भाव कमी कर.’ तिची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेच्या कुठल्या कुठे खाली. तिने कर कधी लावलाच नव्हता, तर कमी काय करणार! लोणी-तुपावरचा कर १२ चा ५ झाला, तेवढाच काय तो फायदा.

आमच्या गिरणगावाला हा प्रश्न नवा नाही. गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवणाऱ्या बायका दोन वेळचं रांधून घालायच्या. पैसे मिळायचे कामगाराचा पगार झाला की. तोवर किराणा उधारीवर, नाहीतर सावकाराकडून. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत आणलं. कर्जाची रक्कम मोठी नव्हती. पण बँकेच्या कागदावर त्यांच्या स्वयंपाकाला ‘धंदा’ हे नाव पडलं, हे मला मोठं वाटतं. घरी पदार्थ करून विकणारीने अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी, असं मी म्हणूनच सांगते. २००६ चा तो कायदा घरगुती विक्रीलाही लागू आहे. खोक्यावर तो चौदा आकडी नंबर आला की ‘घरीच तर करतेस’ म्हणणारीची जीभ थोडी अडखळते.

आता खोका घेणारे हात. मराठी शाळेत शिकवणारीला आपण ‘बाई’ म्हणतो आणि घरकामाला येणारीलाही ‘बाई’च म्हणतो. आदर वेगळा, पण दोघींच्या पैशांबद्दल बोलायला आपल्याला सारखाच संकोच! राज्यात २००० पासून शिक्षण सेवक योजना आहे. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षं पूर्ण वेतनावर नाही, ठरावीक मानधनावर काम करायचं. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला हे मानधन २०२३ पर्यंत महिना किती होतं? सहा हजार. बरोबर आमच्या तीस खोक्यांची किंमत. २०२३ मध्ये ते सोळा हजार झालं, माध्यमिकला अठरा आणि उच्च माध्यमिकला वीस हजार. शब्दही बघा, ‘मानधन’. मान आधी, धन मागाहून.

ही झाली शासनाच्या आणि अनुदानित शाळांची गोष्ट. कुकीजचे खोके जास्त जातात ते नर्सरी-केजीच्या बाईंकडे, खासगी शाळांत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन-चार वर्षांचं रडणारं मूल कडेवर घेणाऱ्या, त्याची चड्डी बदलणाऱ्या, त्याला पहिलं अक्षर गिरवायला लावणाऱ्या बाई त्या कायद्याच्या उंबऱ्याबाहेर उभ्या. त्यांचा पगार संस्था ठरवेल तो. ‘मुलांची आवड आहे म्हणून करते,’ असं त्याही म्हणतात. वाक्य ओळखीचं वाटलं ना?

२०२५ चा शिक्षकदिन मला आणखी एका कारणाने लक्षात राहिला. त्याच्या चार दिवस आधी, १ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायला हवं, नाहीतर नोकरी सोडावी लागेल. मुलांच्या बाजूने पाहिलं तर शिकवणाऱ्याची परीक्षा हवी, हे मला मान्य आहे. पण पंधरा-वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईंनी घर, वर्ग, जनगणना आणि निवडणुकीची कामं (ही कामं कायद्यानेच शिक्षकांना देता येतात) सांभाळून पुन्हा परीक्षेला बसायचं, तर तयारीला वेळ कोण देणार? त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत चर्चा नोकरीची आणि टेबलावर ‘बेस्ट टीचर’ लिहिलेल्या कुकीज, असं चित्र होतं. एक ओळखीच्या बाई मला म्हणाल्या, ‘खाववेना हो.’

वर्गात काय होतं तेही सांगायला हवं. काहींच्या हातात खोका, काहींच्या हातात गुलाब, आणि तीन-चार मुलं नुसतीच मागे उभी. मुलांना कळतं सगळं. आता काही शाळा ‘भेटवस्तू आणू नका’ असं आधीच कळवतात, ते मला योग्य वाटतं. द्यायचंच असेल तर अख्ख्या वर्गाचा मिळून एक डबा शिक्षकांच्या खोलीत ठेवावा, शिपाईकाका आणि सांभाळणाऱ्या मावशी धरून सगळ्यांसाठी. वर्गणी नावानिशी नको. सोबत मुलांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. त्या बाई वर्षानुवर्षं कपाटात ठेवतात, हे मी पाहिलंय. आणि कुकीज विकत घेणार असाल तर करणारीला आधी तास विचारा, मग भाव. आमच्या मुलीने बैठकीनंतर खोका तीनशेला केला. चार ऑर्डरी गेल्या. उरलेल्यांत तासाला मिळतात ते जवळजवळ दुप्पट.

बाईंच्या बाबतीत मात्र गिऱ्हाईक आपणच, आणि तिथे आपल्या हातात कुकीपेक्षा मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या फीबद्दल २०११ चा कायदा आहे. त्यानुसार पालक-शिक्षक संघ करावा लागतो, त्याची कार्यकारी समिती असते, आणि फीचा प्रस्ताव त्या समितीपुढे यावा लागतो. फी ठरवताना शिक्षकांच्या पगाराचा खर्चही विचारात घ्यायचा असतो. म्हणजे आपण भरतो त्या फीतून बाईंपर्यंत किती पोचतं, हे विचारणं आगाऊपणा नाही. आपण बहुतेकजणी त्या सभेत सहल आणि गणवेशावर बोलून उठतो.

आमच्या भागातल्या एका शाळेत समितीवरच्या दोन आयांनी हे विचारलं. केजीच्या बाईंना पगार किती, दहा महिन्यांचा मिळतो की बारा, सहीच्या कागदावर एक आकडा आणि हातात दुसरा असं तर नाही ना? उत्तर मिळालं, ‘हा विषय पत्रिकेवर नाही.’ दोघींनी दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला, पुढच्या सभेच्या पत्रिकेवर विषय घ्यावा म्हणून. पोच घेतलीय, शिक्क्यासकट.