बाळूंच्या पोथीतले एकच चित्र

पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतली चित्रे एकामागून एक दाखवीत कथा सांगतात. बाळू पालवणकरांच्या पोथीतले मात्र आपण एकच चित्र धरून बसलो आहोत. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना चांभार जातीतल्या या गोलंदाजाला चहा मिळे तो पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. रामचंद्र गुहा यांच्या २००२ मधील इंग्रजी ग्रंथानंतर तर हे चित्र लेखालेखांतून येते. त्याच्या आधीचे आणि नंतरचे चित्र सहसा कुणी उलटीत नाही.

आधीचे चित्र श्रमाचे. पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखायची आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे; पगार महिना चार रुपये. बॅट साहेबांच्या हाती. डावखुरी फिरकी घडली ती या चाकरीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. १९२३ साली ते धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

अमेरिकेत सॅचेल पेज या कृष्णवर्णीय पिचरला मेजर लीगचे दार उघडले ते १९४८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. त्याला मैदानच नाकारलेले होते. आपल्याकडची रीत अधिक हिशेबी : चेंडू सर्वांनी हाताळायचा, कपबशी तेवढी वेगळी.

नंतरचे चित्र अडचणीचे. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पडले. माझ्या मते त्यांच्या वाङ्मयीन उपेक्षेचे मूळ येथे आहे. सवर्ण क्रीडालेखनाला त्यांची जात नको होती, चळवळीच्या लेखनाला त्यांचे राजकारण. दोन्ही पंगतींत त्यांचे पान मांडले गेले नाही.

विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडाजीवन’ १९४८ चे, म्हणजे ‘बलुतं’च्या तीस वर्षे आधीचे. दलित आत्मकथनांची चर्चा आपण बहुधा ‘बलुतं’पासून सुरू करतो आणि हे पुस्तक खेळाच्या कपाटात ठेवतो. खेळाडूचे आत्मचरित्र हे दलित आत्मकथन नव्हे असे कुणास म्हणायचे असेल, तर त्याने ते आधी वाचून म्हणावे.