खिडकीचे पैसे घेता, तर खिडकी द्या!

कन्हेरीत बसून हा विमानाच्या खिडकीवर कसली पोस्ट लिहितोय, असं काही जण म्हणतील. म्हणू द्या. बारामती विमानतळावरची ट्रेनिंगची विमानं आपण रोज बघतो. बारामती-इंदापूरच्या गावागावातली पोरं आज अमेरिकेत, लंडनला आहेत. त्यांच्याकडं जाणारे आई-वडील आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात, ते थेट पंधरा-सोळा तासांसाठी. म्हणून हा विषय आपला आहे.

एसटीत रुमाल टाकला की खिडकी आपली. विमानात त्याच खिडकीचे वेगळे पैसे. आवडीच्या सीटसाठी जादा आकारायला डीजीसीएची परवानगी आहे. ठीक आहे, ज्याला हवी तो भरेल. पण पैसे घेतल्यावर माल द्यायचा की नाही?

आमच्या तात्यांना लेकीनं अमेरिकेला बोलावलं. तिनं जादा पैसे भरून खिडकीची सीट घेतली. तात्या जाऊन बसले तर शेजारी कोरी भिंत! विचारलं तर उत्तर काय, "सीट विंडोचीच आहे." कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही.

हे होतं कसं? विमानाच्या खिडक्या सांगाड्यात कायमच्या बसवलेल्या असतात. सीटा मात्र रुळावर असतात, पुढं-मागं सरकवता येतात. कंपन्या जास्त रांगा बसवतात, मग काही सीटांपुढं खिडकीच येत नाही. काही विमानांत एसीचे पाइप किंवा वायरी जिथून जातात तिथं खिडकी ठेवतच नाहीत. म्हणजे कुठल्या सीटला खिडकी नाही हे कंपनीला पक्कं माहीत असतं. तरी बुकिंगच्या नकाशात ती 'विंडो' म्हणूनच विकली जाते.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत प्रवाशांनी याच कारणावरून डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांवर दावे लावले. युनायटेडचं कोर्टातलं म्हणणं ऐका: 'विंडो' म्हणजे सीटची जागा, बाहेरचं दिसेल असं वचन नाही! उद्या दूधवाला म्हणेल, 'दूध' हे किटलीचं नाव आहे, आत दूध असेलच असं नाही. आपण ऐकून घेऊ का?

खिडकी मिळाली तरी ती उघडी राहीलच असं नाही. बोइंग ७८७ मध्ये ओढायचा पडदाच नाही, काच बटणानं काळी होते आणि सगळ्या काचा एकदम काळ्या करायची सोय कर्मचाऱ्यांकडं असते. रात्री लोक झोपतात, तेव्हा अंधार करा, मान्य. पण भरदिवसा, बाहेर बर्फाचे डोंगर असताना अंधार कशाला?

काही शहाणे म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला काय करायचंय बाहेर बघून? त्यानं कडेची सीट घ्यावी, उठ-बस सोपी. अहो, ते त्यांना ठरवू द्या ना! ज्यानं जन्मभर खालून ढगाकडं बघत पावसाची वाट पाहिली, त्याला एकदा तो ढग वरून बघावासा वाटला तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

मागणी साधी आहे. कुठल्या सीटला खिडकी नाही आणि कुठून फक्त पंख दिसतो, हे बुकिंगच्या वेळीच दाखवा. खिडकी नसेल तर जादा पैसे घेऊ नका, घेतले असतील तर परत करा. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांजवळच सीट द्या, असं डीजीसीएनं २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं होतंच. मनात आणलं तर हेही होईल.

तोवर आपण सावध राहू. परदेशातल्या पोरांनो, आई-दादांचं तिकीट काढताना विमानाचा प्रकार आणि रांग तपासा, पंखावरची रांग टाळा. दिवसा पश्चिमेकडं जाताना उजवी बाजू घ्या, ऊन तोंडावर येत नाही. आणि भिंत मिळाली तर गप्प बसू नका. फोटो काढा, एअरसेवावर तक्रार टाका, ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन लावा.

तुमच्या घरच्यांनाही अशी भिंत मिळाली असेल तर खाली लिहा. पटलं तर पोस्ट पुढं पाठवा.