उपग्रह-रेडिओ: मोट आपली, विहीर परक्याची

हल्ली शेतकरीवर्गात नवनव्या यंत्रांची चर्चा वाढत्या प्रमाणावर ऐकू येते. शेतावरील पंप घरबसल्या चालू करणारे स्टार्टर, जमिनीतील ओल सांगणारी उपकरणे, बांधावर उभी राहून पाऊस व वारा मोजणारी छोटी केंद्रे, अशी कितीतरी साधने विक्रेते दारापर्यंत आणून पोहोचवितात. त्यांपैकी पुष्कळांची किंमत एकदा देऊन भागत नाही. वर्षास काही वर्गणी भरावी लागते, आणि ती भरली तरच यंत्र बोलते. अशा वस्तू घ्याव्या की नाही, व घ्याव्या तर कोणत्या अटीवर, याविषयी आमचे मत आम्ही येथे मांडीत आहोत. उदाहरणादाखल आम्ही एक बंद पडलेले साधन घेतले आहे; कारण बंद पडलेल्या वस्तूचा हिशेब पुरता लागलेला असतो, चालू वस्तूचा अद्याप लागावयाचा असतो.

हे साधन म्हणजे उपग्रहावरून थेट घरात ऐकू येणारा अंकीय रेडिओ होय. वर्ल्डस्पेस नावाच्या कंपनीने तो आपल्या देशात आणिला. नोआ समारा या इथिओपियात जन्मलेल्या गृहस्थांनी १९९० साली ही कंपनी अमेरिकेत स्थापिली. जेथे वर्तमानपत्र पोहोचत नाही व साधा रेडिओही नीट लागत नाही, अशा आफ्रिकेतील खेडोपाडी ज्ञान पोहोचावे, हा त्यांचा मूळ हेतू होता. १९९८ सालच्या ऑक्टोबरात त्यांचा आफ्रिस्टार व २००० सालच्या मार्चमध्ये एशियास्टार हा उपग्रह अवकाशात गेला. ज्या एरियन अग्निबाणाने एशियास्टार वर नेला, त्यानेच आपला इन्सॅट-३बी हाही वर नेला. एशियास्टारचे स्थान विषुववृत्तावर, १०५ अंश पूर्व रेखांशाच्या माथ्यावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होते. त्या उंचीवर उपग्रह पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो, सबब खालून पाहणाऱ्यास तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा असतो.

२००८ सालच्या मे महिन्यात हे यंत्र एका आप्ताकडून मागून आणून आम्ही गिरगावातील आमच्या बिऱ्हाडी पंधरा दिवस चालवून पाहिले. यंत्र हातात धरून नेता येईल एवढे. त्याच्या जोडीला तळहाताएवढी चपटी चौकोनी पाटी, हीच त्याची अँटेना. ही पाटी उपग्रहाच्या रोखाने धरिली म्हणजे पडद्यावरील रेघा वाढत जातात व आवाज येऊ लागतो. मुंबईहून हा रोख आग्नेय व पूर्व यांच्या मधोमध, क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर, असा येतो. या लहरी पावसाळी ढगांनी अडत नाहीत. पण भिंत व स्लॅब त्यांस पार होत नाही. ज्यांनी मोजणीचे काम पाहिले आहे त्यांस हिशेब सोपा वाटेल. समोरची इमारत आपल्या खिडकीच्या वर जितकी उंच, तितके तरी अंतर मध्ये मोकळे असावे. अंतर त्याहून कमी पडले की उपग्रह इमारतीआड गेला. गिरगावातील गल्लीच्या रुंदीस हा हिशेब बसत नाही. आमच्या पहिल्या मजल्यावरील सज्जात यंत्र मुके राहिले. गच्चीवर नेताच स्वच्छ बोलू लागले. दादरच्या समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेस, तोंड असलेल्या घरात तर हा रोख मिळणेच कठीण. आणि परळ-लालबागेत आता जे उंच मनोरे उठले आहेत, त्यांच्या पायथ्याच्या चाळींतही तोच प्रकार झाला असता. याउलट गावाकडील खळ्यावर वा अंगणात ही अडचण बहुधा येत नाही. शहरापेक्षा खेड्यास अधिक मानवणारे असे हे यंत्र होते, हे प्रथम नमूद केले पाहिजे.

आवाजाविषयी तक्रारीस जागा नव्हती. मध्यम लहरींवर विजेच्या कडकडाटाने किंवा शेजारच्या दळणाच्या गिरणीच्या मोटारीने जी खरखर होते, तिचा येथे मागमूस नव्हता. गंधर्व या वाहिनीवर रात्री उशिरापर्यंत अभिजात संगीत, सुरभीवर मराठी गाणी, आणखी वाहिन्यांवर जुनी हिंदी चित्रपटगीते व परदेशची वार्तापत्रे, असा भरगच्च फराळ होता. परंतु त्या पंधरा दिवसांत मृगाची चाहूल, बाजार समितीतील भाव, पिकांवरील कीड यांविषयी एक अक्षरही आमच्या कानी पडले नाही. ज्या खेड्याकरिता मूळ कल्पना निघाली, त्या खेड्यापाशी येताना वर्गणी देऊ शकणारा शहरी रसिकच तेवढा समोर राहिला होता. यात नवल नाही. दीड-दोन हजार रुपये वार्षिक वर्गणी जो देईल, त्याच्याच आवडीचे पान वाढले जाणार.

पुढील वृत्तांत सर्वश्रुत आहे. २००८ सालच्या ऑक्टोबरात मूळ कंपनीने अमेरिकेतील न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची मालमत्ता घेऊ पाहणाऱ्याने भारतातील ग्राहकांचा व्यवहार पत्करला नाही, आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी येथील सेवा संपली. त्या वेळी तिचे भारतात पुष्कळ वर्गणीदार होते. यंत्रे शाबूत होती, अँटेना शाबूत होत्या, उपग्रहही आकाशात होता. पण ज्या यंत्रांत केवळ उपग्रहाचीच सोय होती, ती एका रात्रीत निरुपयोगी झाली. ज्यांत मध्यम लहरी, लघुलहरी किंवा एफ. एम. यांचीही सोय होती, ती निदान आकाशवाणी ऐकण्यापुरती उरली. मोट आपली असून भागत नाही, विहीर परक्याची असली आणि त्याने ती बुजविली तर मोट खुंटीला टांगावी लागते.

कोणी म्हणेल, कंपन्या उघडतात व बुडतात. त्यात यंत्राचा काय दोष? या आक्षेपाचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र उघडले. तीही खाजगीच कंपनी होती. रेडिओच्या परवान्याची फी वर्षास १० रुपये असून तिच्यातील मोठा हिस्सा कंपनीस मिळे. परवाने थोडे व खर्च मोठा, यामुळे १९३० सालच्या मार्चमध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. परंतु १ एप्रिलपासून सरकारने ते काम हाती घेतले आणि लोकांच्या घरची तीच यंत्रे पूर्ववत बोलू लागली. हे कशामुळे झाले? ती लहर उघडी होती म्हणून. जो कोणी त्या लहरीवर बोलेल, त्याचे बोलणे कोणत्याही यंत्रास ऐकू येई. १९३० साली धनी बदलला तरी वहिवाट मोडली नाही. २००९ साली धनी गेला आणि वाटच बंद झाली, कारण तिला कुलूप होते व किल्ली एकाच्याच हाती होती. तेव्हा दोष कंपनीच्या बुडण्यात नसून कुलपात आहे, असे आमचे मत आहे.

दुसरी गोष्ट पुण्याची. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने १५० गावांत रेडिओ-मंडळे चालविली. गावकऱ्यांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावा, मग आपसांत चर्चा करावी, शंका केंद्राकडे लिहून पाठवाव्या आणि पुढील कार्यक्रमातून उत्तर मिळवावे, अशी ती योजना होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने तिची पाहणी केली. केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत फार अधिक भर पडली, असे तीत आढळले. यंत्रे साधीच होती. फळ आले ते एकत्र बसण्याचे आणि उलट प्रश्न विचारता येण्याचे. उपग्रह-रेडिओत श्रोत्याने ऐकावे एवढेच होते.

या दोन्ही गोष्टी ध्यानी घेऊन आमच्या शेतकरी बंधूंस आमची सूचना अशी की, वर्गणीचे कोणतेही साधन दारी आले असता पुढील प्रश्न विचारावे.

पहिला, देणारा उद्या नाहीसा झाला तर या वस्तूचे माझ्या घरी काय उरेल? ज्या स्टार्टरात कोणत्याही कंपनीचे सिम बसते, त्याचा धनी बदलता येतो. ज्यात एकाच कंपनीचा पाठ चालतो, ते यंत्र विकत घेतले तरी खंडानेच घेतले असे समजावे, आणि दामही खंडाइतकाच द्यावा.

दुसरा, जमविलेली माहिती, म्हणजे माझ्या शेताचा पाऊस, ओल, पाण्याचे तास, माझ्या वहीत उतरून घेता येते की नाही? ती परक्याच्या दप्तरी राहणार असेल तर वर्षावर्षाची नोंद त्याच्याबरोबरच जाईल. सातबाऱ्याचा उतारा आपण जसा घरी ठेवितो, तसाच हाही ठेविला पाहिजे.

तिसरा, दोन-तीन वर्षांची वर्गणी एकदम भरल्यास सूट मिळते, असे सांगण्यात येते. ती सूट घ्यावी काय? आमच्या मते वर्षाहून अधिक मुदतीचे पैसे आगाऊ देऊ नयेत. सूट ही देणाऱ्याच्या गरजेची खूण असू शकते.

चौथा, माझी शंका उलट पोहोचण्याची वाट आहे काय, व उत्तर कोण देईल?

एकट्या शेतकऱ्यास हे प्रश्न विचारणे जड जाते व विक्रेताही त्यास दाद देत नाही. सबब, अशी साधने संस्थेने प्रथम एक आणून सभासदांच्या शेतावर एक हंगाम चालवावी, करार मराठीत लेखी घ्यावा आणि मगच सभासदांस शिफारस करावी, असे आम्ही सुचवितो. नव्या साधनाचा आम्हांस तिटकारा नाही. उपग्रहावरून स्वच्छ आवाज खळ्यापर्यंत येऊ शकतो, हे आम्ही स्वतः ऐकले आहे. आणि आजही प्रसारभारतीच्या फ्री डिशवरून मासिक वर्गणीवाचून आकाशवाणीच्या वाहिन्या घरोघरी येतात, म्हणजे उपग्रह व खुली लहर यांचे वैर नाही, हेही उघड आहे. शेतकऱ्याचा पैसा पावसाच्या भरवशावर मिळतो. तो दुसऱ्याच्या कुलपात घालण्यापूर्वी किल्ली कोणाजवळ राहणार, एवढे त्याने विचारावे. आणि उत्तर न मिळाल्यास थांबण्यात त्याचे काही बिघडत नाही.